कानझडप

मुसळ्यांच्या कारखान्यात कानझडपा बसवायला पुण्याहून जी मुलगी आली, तिला रत्नप्रभाबाईंनी आधी पोटभर जेवू घातलं आणि हात धुऊन झाल्यावर तिची उलटतपासणी घेतली. इचलकरंजीच्या त्या गल्लीत त्यांची ही रीत सर्वांना ठाऊक होती. उपाशी माणसाला त्या कधी झापत नसत.

"हं, सांग आता. हे कानात खुपसलं की माग बंद पडल्यासारखं वाटतं म्हणे."

"माग चालूच राहतात, आजी. फक्त तुम्हाला..."

"आजी नव्हे, आक्का. पोटच्या पोरांपासून मुकादमापर्यंत सगळे मला आक्काच म्हणतात."

मृण्मयीनं, म्हणजे त्या मुलीनं, मान डोलावली आणि जेवणाच्या टेबलावर दोन वस्तू मांडल्या: कानात घालायची रबरी बोंडं आणि गळ्याशी अडकवायचा काळा मणी. तिच्या बोलण्यातला निम्मा भाग ऐकूच येत नव्हता. घराच्या बरोबर खाली कारखाना होता. रत्नप्रभाबाईंचा मुलगा धनंजय यानं धोट्याचे जुने माग काढून टाकले होते आणि हवेच्या झोतावर धावणारे नवे एअरजेट आणले होते. त्यांत खटखट नव्हती. हजार सापांनी एका दमात फुत्कारावं तसा अखंड सूंकार होता. भिंती जाड केल्या, काचा दुहेरी बसवल्या, तरी तो जिन्यानं वर येई आणि ताटवाटीत थरथरत राही.

"बोंडं कान पूर्ण बंद करतात," मृण्मयी ओरडून सांगू लागली. "मग तुम्हाला ऐकू येतं ते फक्त दुसऱ्यांच्या मण्यातून आलेलं. मणी तोंडाजवळ असतो, म्हणून बोलणाऱ्याचा आवाज त्याला मागांपेक्षा मोठा वाटतो. पण माणूस गप्प बसला तरी मणी ऐकतच राहतो. दहा माणसांचे दहा मणी, आणि प्रत्येकातून मागांचा आवाज येत राहिला तर..."

"तर कानात दहा कारखाने."

"अगदी बरोबर, आक्का! म्हणून प्रत्येक मण्यात झडप आहे. तिला नॉइज गेट म्हणतात. तिला आपण एक उंबरठा ठरवून द्यायचा. त्याच्या वरचा आवाज आला की झडप उघडते, आवाज खाली उतरला की मिटते. आणि झडपेच्या आधी असतो एक्सपांडर. तो मोठ्या आवाजाला हात लावत नाही, पण लहान आवाजाला आणखी लहान करतो. म्हणजे दोघांतलं अंतर वाढतं आणि झडपेची निवड चुकत नाही."

"म्हणजे मोठ्याला मान आणि बारक्याला आणखी बारीक करायचं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "बरं आहे तुझं यंत्र. आमच्याच घरात वाढल्यासारखं."

स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असलेली सून पल्लवी तोंडाला पदर लावून हसली. तेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

प्रश्न आला तो उंबरठा कुठं ठेवायचा याचा. मृण्मयीचा सल्ला असा होता, की कारखान्यात तो उंच असावा आणि वर घरात खाली आणावा; कारण घरातली माणसं हळू बोलतात, कण्हतात, गुणगुणतात, आणि ते ऐकू यायला हवं. रत्नप्रभाबाईंनी तो सल्ला पुरता ऐकूनही घेतला नाही.

"घरात एक आणि कारखान्यात एक, अशी दोन तऱ्हांची शिस्त या वास्तूत चालत नाही. खालचाच उंबरठा वर ठेव. माझ्या घरात कुणी पुटपुटायचं नाही. बोलायचं असेल त्यानं खणखणीत बोलावं, नसेल त्यानं गप्प बसावं."

"पण आक्का, हळू आवाज मग कायमचाच गेला. झडपेनं अडवलेलं कुठं साठवून ठेवलं जात नाही. ते मागून काढून देता येत नाही."

"जाऊ दे की. पुटपुटलेलं साठवून कुणाला लोणचं घालायचंय?"

उंबरठा त्यांच्या आवाजावरूनच ठरला. त्या बोलल्या आणि मृण्मयीच्या पडद्यावरची हिरवी रेघ पार वरच्या कडेला जाऊन टेकली. नवरा गेल्यावर तीस वर्षं त्यांनी तो कारखाना या एका आवाजावर चालवला होता. धोट्याच्या मागांच्या कडकडाटातून त्यांची हाक शेवटच्या मागापर्यंत पोचे आणि तिथला कामगार पाठ ताठ करून उभा राही.

कानझडपा आल्या आणि घर शांत झालं. नातेवाईक येऊन थक्क होत. जेवताना फक्त बोलणं ऐकू येई; भांडं वाजत नसे, नळ गळत नसे, कुणी सुस्कारा टाकला तर तो टाकणाऱ्याजवळच राही. सुनेनं पाठमोरी होऊन काही म्हटलं, मुलानं दातांखाली चावलं, ते काही आता रत्नप्रभाबाईंपर्यंत येत नव्हतं, आणि ते येत नाही याचं त्यांना समाधानच होतं. जे तोंडावर बोलायची छाती नाही ते ऐकण्याच्या लायकीचं नसतं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

त्यांची लेक वैजयंता सासर सोडून माहेरी परत आली ती याच काळात. ती का आली हे त्यांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती खाली कारखान्यात उतरू लागली. मागच्या शेडमध्ये धोट्याचे सहा जुने माग भंगारवाल्याची वाट पाहत पडले होते. वैजयंतानं माग दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या जॉबरला हाताशी धरलं, सुटे भाग मिळवले आणि एकेक करून सहाही माग चालते केले. त्यांवर ती सुती नऊवारी काढू लागली, दुहेरी काठाची, एअरजेटला कधीच न जमणारी. हैदराबादपासून गिऱ्हाइकं विचारणा करू लागली. सासरहून आलेली, खाली मान घालून जेवणारी ती बाई त्या सहा मागांसमोर मात्र आईसारखीच कमरेवर हात ठेवून उभी राही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला माग थांबले. वर्षातून त्या एकाच दिवशी ते थांबत. झेंडूच्या माळा घातलेल्या जुन्या मागांपुढं उभं राहून रत्नप्रभाबाईंनी सर्वांदेखत सांगितलं, "हे सहा माग आणि ही मागची शेड वैजूची. माझ्या मागंही तिचीच."

धनंजय मागावरची माळ सारखी करत राहिला. वैजयंता खाली वाकून पाया पडली आणि उठताना हळूच म्हणाली, "आक्का, कागदावर करून ठेवूया का?"

"माझा शब्द कागदावर उतरवावा लागतो होय गं तुला? तुझ्या वडिलांनी भागीदारीत मला बसवलं तेही शब्दावरच."

वैजयंतानं पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रत्नप्रभाबाईंच्या गळ्याशी गाठ आली. कोल्हापूरला शस्त्रक्रिया झाली. गाठ स्वरयंत्राच्या शिरेला चिकटलेली होती आणि ती काढताना शीर वाचेलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. गाठ गेली, शीर गेली, आणि शिरेबरोबर आवाज गेला. जीव वाचला याबद्दल सर्वांनी पेढे वाटले.

त्या बोलत होत्या, शब्द नीट जुळत होते, जीभ-ओठ जागच्या जागी होते. फक्त स्वरयंत्राची एक पट्टी हलत नव्हती. दोन पट्ट्या एकमेकींवर थरथरल्या तरच माणसाच्या आवाजाला सूर मिळतो. सूर नसला की उरतो तो नुसता वारा. कुजबुज म्हणजे शास्त्राच्या हिशेबानं फुत्कारच: बारीक-जाड सगळ्या आवाजांतलं थोडंथोडं, विस्कटलेलं. आणि खालून येणारा एअरजेटचा आवाजही नेमका तसाच. गळ्याशी टांगलेल्या मण्याला आक्का आणि माग यांत फरक कळेना.

धनंजयनं मृण्मयीला फोन लावला. तिनं पुण्यातूनच उंबरठा खाली आणून पाहिला, वर नेऊन पाहिला. खाली आणला की मागांचा सूंकार घरात घुसे. वर नेला की आक्का बाहेर राहत.

"आवाज वाढवून देता येत नाही का?" धनंजयनं विचारलं.

"वाढवला की दोन्ही वाढतात, सर. मला वाईट वाटतं. आक्कांनी त्या दिवशी माझं ऐकलं असतं तरीही फार काही झालं नसतं, हे खरं सांगते."

मग घरानं आपापली सोय लावली. मागावर वाढलेल्या माणसांना ओठ वाचता येतात. धोट्याच्या मागांच्या काळात शेडमध्ये कानाला काहीच लागत नसे. या टोकाचा माणूस त्या टोकाला ओठांनीच सुताचा नंबर सांगे, ओठांनीच शिवी देई आणि ओठांनीच चहा मागवी. धनंजय पाळण्यातून उतरला तो थेट शेडमध्ये, आणि बोलायच्या आधी त्याला ही भाषा आईनं शिकवली होती. तेव्हा रत्नप्रभाबाईंना वाटलं, चालेल. समोर बघतील, समजतील. पण समोर बघावं लागतं ही यातली मुख्य अडचण होती, आणि त्यांच्याकडे बघायला दिवसेंदिवस कुणाला वेळ होईनासा झाला. पल्लवी कोल्हापुरात वाढलेली. तिला ओठ वाचता येत नव्हते. ती पाठमोरी उभी राहून कणीक मळी, आणि रत्नप्रभाबाई मागून तिसऱ्यांदा पाणी मागत. शेवटी त्या स्वतः उठून घेत. वैजयंता तेवढी पाहताक्षणी ओठ वाची, पण ती दिवसभर मागच्या शेडमध्ये असे.

टाळी वाजवावी, टेबलावर थाप मारावी, पाटीवर लिहून दाखवावं, असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. रत्नप्रभाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी विषय बदलला. त्या घरात आजवर टाळी वाजवून बोलावलं होतं ते फक्त कुत्र्याला, आणि पाटीवर लिहीत ती पोरं.

दिवाळीनंतर धनंजयनं कारखाना विकायचं काढलं. सुरतेची एक कंपनी सगळी जागा घेणार होती. तिला तिथं माणूस नसलेलं, अंधारात चालणारं विणकाम उभं करायचं होतं. धनंजय थकला होता, हे रत्नप्रभाबाईंना दिसत होतं. कामगार मिळत नव्हते, एअरजेट जुने होत चालले होते, आणि पल्लवीला मुलं घेऊन पुण्याला जायचं होतं. मोठा कारखाना विकावा याला त्यांचाही फारसा विरोध नव्हता. पण सुरतवाल्यांना मागची शेडही हवी होती, रिकामी.

त्यांनी त्याला समोर बसवून ओठांनी सांगितलं, "पुढच्या कारखान्याचं काय करायचं ते कर. मागची शेड वैजूची आहे."

"बघतो आक्का. बोलून बघतो त्यांच्याशी."

"बघायचं नाही. तसं सांगायचं."

"होय की. सांगतो."

व्यवहाराची बैठक वर दिवाणखान्यात झाली. भागीदार दोघंच: आई आणि मुलगा. वकील आणि सुरतेचा माणूस भिंतीवरच्या पडद्यावर होते. माग खाली चालू होते. बैठकीसाठी माग थांबवायचे नाहीत हा नियम रत्नप्रभाबाईंचाच. सगळ्यांच्या कानांत बोंडं, गळ्याशी मणी. मण्यांतून जे निघेल तेच पडद्यावर जाणार, आणि सहीऐवजी तीच व्यवहाराची नोंद. वैजयंता भागीदार नव्हती. ती खाली होती.

दुसराही एक नियम त्यांचाच होता, आणि तो भागीदारीच्या करारात त्यांनी हट्टानं घालून घेतला होता. निर्णय वाचून दाखवायचा, तीनदा पुकारायचं, हरकत असेल त्यानं बोलावं. गप्प राहिला तो कबूल. इतकी वर्षं त्या निर्णय सांगत आणि भोवती बसलेल्यांना विचारत, "कुणाची हरकत?" कुणाची कधी नसे.

वकिलानं मसुदा वाचला. मागची शेड त्यात होती.

"श्रीमती रत्नप्रभा मुसळे, आपली हरकत?"

"आहे," त्या म्हणाल्या. "मागची शेड द्यायची नाही."

टेबल लांबून दिसणारे पडद्यावरचे चेहरे तसेच वाट पाहत राहिले. त्यांनी धनंजयकडे पाहिलं. धनंजय त्यांच्याकडेच पाहत होता, त्यांच्या तोंडाकडे. त्यांना वाटलं, हा सांगेल.

"आपली हरकत?"

"आहे. नाही द्यायची. धनंजय, सांग त्यांना."

धनंजयनं नजर खाली घातली.

"आपली हरकत? तिसऱ्यांदा विचारतो आहे." धनंजयनं पुन्हा वर पाहिलं तेव्हा त्यांचे ओठ तिसऱ्यांदा "नको" म्हणत होते. वकील म्हणाला, "हरकत नाही अशी नोंद घेतो."

तेव्हा त्या उठल्या. खुर्ची मागं सरकली, तिचाही आवाज कुणाला आला नाही. चहाचे कप उचलायला आलेली पल्लवी दचकून नवऱ्याजवळ वाकली आणि काय म्हणतात म्हणून तिनं हातानं विचारलं. मण्यातून जाऊ नये म्हणून धनंजयनं आवाज न काढता, नुसत्या ओठांनी उत्तर दिलं, आणि ते तिला कळलं की नाही कोण जाणे. पण त्या ओठांना ती भाषा ज्या बाईनं शिकवली होती ती समोरच उभी होती.

"नको म्हणते," धनंजयचे ओठ म्हणाले. "राहू दे. नोंद झाली."

रत्नप्रभाबाई उभ्या राहिल्या. पडद्यापुढं जाऊन हात हलवता आले असते, कागदावर लिहून धरता आलं असतं. गळ्यातला मणी तोडून फेकता आला असता. परंतु पडद्यावर दोन परके पुरुष होते, आणि त्यांच्यापुढं एका म्हातारीनं हातवारे करत, तोंडाची उघडझाप करत, मुलाची तक्रार करायची, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांनी पदर सारखा केला आणि त्या परत खुर्चीवर बसल्या. सुरतेच्या माणसानं अदबीनं हात जोडले. त्यांनीही जोडले.

वैजयंता संध्याकाळी जिना चढून आली ती चपला पायांत ठेवूनच. मुकादमानं तिला बैठकीची नोंद ऐकवली होती. तिनं कानांतली बोंडं काढून टेबलावर टाकली. आता कानांत घुसणारा सूंकार तिला सोसवत नव्हता. डोळे बारीक करून ती आईच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"तीनदा विचारलं त्यांनी. तीनदा! मी कान लावून ऐकलं. तू गप्प होतीस."

रत्नप्रभाबाईंनी टेबलावरची बोंडं एका ओळीत लावली.

"दादानं तुला अडवलं का? काही सांगितलं का त्यानं? आक्का, मला एवढंच सांग. तू नको म्हणालीस आणि कुणाला ऐकू आलं नाही, असं झालं का? तसं असेल तर मी आत्ता जाते त्या वकिलाकडं. पदर पसरते. कोर्टात जाते."

विचारलं ते नेमकं खरं होतं. फक्त मान हलवायची होती. होय म्हणायचं होतं. आणि होय म्हणताच उद्या वकिलाच्या कचेरीत, परवा कोर्टात, तेरवा सगळ्या गल्लीत हेच सांगितलं जाणार होतं, की रत्नप्रभा मुसळेनं स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलासमोर तीन वेळा नको म्हटलं आणि तिला कुणी मोजलं नाही. लोक हळहळतील. बायका येऊन हात हातात घेतील. ज्या बाईची हाक शेवटच्या मागापर्यंत पोचत होती, तिची कीव करायला येतील.

त्यांनी मान ताठ केली आणि लेकीला वाचता यावं म्हणून शब्द सावकाश उच्चारले.

"मी गप्प राहिले. माझा निर्णय होता."

वैजयंता त्यांच्या ओठांकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "आणि शब्द?"

"परिस्थिती बदलते."

"तुझी कधी बदलली गं?" ती म्हणाली. तिला रडू आलं नाही. तिनं बोंडं उचलली, कानांत घातली, आणि आईकडे पाठ फिरवून ती जिना उतरली.

चार दिवसांनी धनंजय एक पुडकं घेऊन आईच्या खोलीत आला. बाहेरून येताना मुलांसाठी खाऊ आणावा, तसं त्यानं ते पुढं ठेवलं. आत गळ्याला बांधायचा मऊ पट्टा होता.

"मृण्मयीनं बनवून घेतलाय. स्वरपट्टा. तू नुसते ओठ आणि गळा हलवायचा. तो स्नायूंवरून शब्द ओळखतो आणि तुझ्याच आवाजात बोलतो, आक्का. जुन्या आवाजात. कारखान्याच्या कॅमेऱ्यांत तुझं वीस वर्षांचं बोलणं होतं, त्यावरून शिकवलाय त्याला."

रत्नप्रभाबाईंनी पट्ट्याला हात लावला नाही. त्यांनी मुलाच्या डोळ्यांत पाहिलं आणि ओठांनी म्हटलं, "तू वाचलं होतंस."

धनंजयनं न समजल्याचा आव आणला. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं.

"होय, वाचलं होतं," तो म्हणाला. "तिन्ही वेळा वाचलं. काय करणार होतो? शेड काढली की सुरतवाले उठून जात होते. आणि एक सांगू, आक्का? मला एअरजेट नको होते, तू म्हणालीस म्हणून आणले. मला कारखानाच नको होता. कॉलेज सुटलं तेव्हा याच टेबलाशी मी सांगितलं होतं. चांगलं खणखणीत सांगितलं होतं. तुला यंत्राची गरज नव्हती तेव्हा."

तो उठला. दारातून वळून म्हणाला, "वैजूला मी काही सांगितलं नाही. तूही सांगितलं नाहीस, हे बरं केलंस."

पट्टा खाटेवर तसाच पडून राहिला.

शेड रिकामी करायच्या दिवशी रत्नप्रभाबाईंना पल्लवीकडून कळलं, की वैजयंताला तिरुप्पूरला नोकरी लागली. तिथल्या होजिअरीत देखरेखीचं काम होतं, राहायला खोली होती. सहा माग गॅसनं कापून ट्रकमध्ये चढवले जात होते. रत्नप्रभाबाई सज्जात येऊन उभ्या राहिल्या. खाली आवारात वैजयंता दोन बॅगा रिक्षात ठेवत होती. ती वर यायची वाट त्या सकाळपासून पाहत होत्या. ती आली नव्हती.

रिक्षावाला बसला. वैजयंताची पाठ इकडं होती.

रत्नप्रभाबाईंनी हाक मारली. हाक सज्जाच्या कठड्यापर्यंतही गेली नाही. त्या आत वळल्या, खोलीत गेल्या, खाटेवरचा पट्टा उचलला, आणि तो गळ्याला बांधत पुन्हा बाहेर आल्या. जे सांगायचं ते आता अगदी साधं झालं होतं. कोर्ट, गल्ली, कीव, काही उरलं नव्हतं. पोरी थांब, जाऊ नकोस, चुकलं माझं, मी नको म्हणाले होते. आयुष्यात कुणाला केली नव्हती इतक्या मऊपणानं त्यांनी ती विनवणी ओठांवर आणली.

"थांब!" पट्टा कडाडला. "जायचं नाही!"

तो आवाज त्यांचाच होता, जसाच्या तसा, भरदार, धार लावलेला. आवारात सगळ्यांच्या कानांत तो घुमला. माग कापणाऱ्या माणसाच्या हातातली ज्योत थबकली. जुना जॉबर ट्रकवरून खाली उतरला आणि पाठ ताठ करून उभा राहिला.

रत्नप्रभाबाई घाबरल्या. त्यांनी आणखी हळू, जवळजवळ श्वासानंच म्हटलं, चुकलं माझं.

"चुकलं माझं!" पट्टा गरजला. मऊ बोलणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. वीस वर्षांच्या नोंदींत तसं एकही वाक्य सापडलं नव्हतं; 'जाऊ नकोस'चंही त्यानं 'जायचं नाही' केलं होतं. प्रत्येक शब्द कुणाला तरी जाब विचारल्यासारखाच बाहेर पडत होता. स्वयंपाकघरातून पल्लवी ओले हात घेऊन धावत आली. "काय झालं आक्का? माझं काय चुकलं?"

खाली वैजयंता वळली होती. तिनं वर पाहिलं. एवढ्या उंचीवरून ओठ वाचता येत नाहीत. तिच्या कानात होता तो फक्त तो आवाज, लहानपणी ज्याला ऐकून ती पलंगाखाली जाऊन बसत असे. क्षणभर तिचे खांदे आपोआप आत वळले. मग तिनं ते सरळ केले.

"आता नाही, आक्का," ती म्हणाली. तिच्या मण्यातून ते स्वच्छ वर आलं. "आता हुकूम बास झाले. औषधं वेळेवर घे."

ती रिक्षात बसली. फाटकाजवळ जाताना तिनं कानांतली बोंडं काढून बाहेर उभ्या असलेल्या जॉबरच्या हाती दिली. मुसळ्यांची वस्तू होती, मुसळ्यांकडे राहिली.

रत्नप्रभाबाई कठडा धरून उभ्या होत्या. पल्लवी मागं दारात उभी राहून नुकत्याच आलेल्या नवऱ्याला विचारत होती, की आक्का काही बोलतायत का. धनंजयनं कान देऊन पाहिलं आणि म्हणाला, नाही, शांत आहेत.

त्या हुंदके देत होत्या. पण पट्ट्यालाही झडप होती. तो आवाज तिला बोलण्याचा वाटला नाही. ती मिटलेलीच राहिली.